लहान मुलांना घेऊन बँकॉक: ऊन, फुटपाथ आणि उंचीचा हिशेब

पोरांना घेऊन बँकॉकला चाललोय म्हटलं की नातेवाइकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. काहींच्या डोक्यात मित्रांच्या टोळक्यांनी केलेल्या सहलींच्या कहाण्या असतात, काहींना गर्दीची धास्ती वाटते. प्रत्यक्षात दोन ते आठ वर्षांच्या मुलांना हे शहर अजिबात परकं वाटत नाही. लोक मुलांवर जीव टाकतात. गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डावीकडून चालतात. भात कुठेही मिळतो. स्वच्छतागृहात बहुतेक ठिकाणी जेट स्प्रे असतो, आणि याचं मोल काय ते मुलांना घेऊन युरोप फिरून आलेल्या आईबापांनाच कळेल.

त्रास देतात त्या दोन गोष्टी: ऊन आणि फुटपाथ. गर्दीचा नंबर त्यानंतर लागतो. त्यामुळे नियोजन करताना काय बघायचं हे नंतर ठरवा. किती चालावं लागेल आणि किती वाजता, हे आधी.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात सुसह्य काळ. दिवाळी नोव्हेंबरात असेल तर उत्तमच. ऑक्टोबरात असेल तर पावसाची तयारी ठेवा, कारण सप्टेंबर-ऑक्टोबर हे तिथले सर्वांत ओले महिने. पाऊस बहुधा दुपारनंतर धो धो कोसळतो आणि तास-दीड तासात ओसरतो. तेवढ्या वेळात रस्ते तुंबतात, टॅक्सी मिळत नाही आणि अॅपवरचे दर चढतात. अशा वेळी मॉलमध्ये किंवा स्टेशनात थांबून राहणं हाच उपाय.

नाताळच्या सुट्टीत हवा छान असते, पण हॉटेलं महाग होतात. जानेवारी-फेब्रुवारीत हवेत धुरकं साचतं. मुलाला बाळदम्याचा त्रास असेल तर तारखा ठरवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला आणि तिथे असताना रोज सकाळी हवेचा निर्देशांक बघा.

राहिली आपली उन्हाळ्याची सुट्टी. एप्रिल हा तिथला सर्वांत कडक महिना आणि त्यातच १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष, येतं. रस्त्यारस्त्यावर पाण्याची युद्धं चालतात. सात-आठ वर्षांचं मूल यात वेडं होईल. दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडावर अनोळखी माणसाने बर्फाच्या पाण्याची पिचकारी मारली तर ते भोकाड पसरेल. लहान मूल बरोबर असेल तर त्या दिवसांत सीलोम आणि खाओ सान हे रस्ते टाळा. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. मे महिन्यात ऊन थोडं उतरतं, पाऊस डोकावायला लागतो आणि आंबे भरपूर असतात.

निघण्यापूर्वी घरी करायची कामं

मुलांचे पासपोर्ट आधी बघा. लहान मुलांचा पासपोर्ट फार तर पाच वर्षांचा असतो आणि ही तारीख आईबापांच्या लक्षातून हमखास निसटते. प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. जुलै २०२४ मध्ये थायलंडने भारतीयांना पर्यटनासाठी साठ दिवसांची व्हिसामाफी दिली. असे नियम बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या.

१ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला 'थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड' ऑनलाइन भरावं लागतं. प्रत्येक म्हणजे कडेवरच्या तान्ह्यालासुद्धा. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते भरायचं आणि त्याला पैसे पडत नाहीत. शोधताना फी मागणारी एखादी साइट पुढे आली तर ती सरकारी नाही असं समजा.

आई किंवा वडील यांपैकी एकच जण मुलांबरोबर जात असेल, किंवा आजी-आजोबा नातवंडांना घेऊन निघाले असतील, तर सोबत नसलेल्या पालकांचं संमतिपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत जवळ ठेवा. कोणी विचारेलच असं नाही, पण विचारलं तर विमानतळावर धावाधाव नको.

आता एक काम असं, जे बहुतेक जण करत नाहीत: मुलांची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून ठेवा. थायलंडमध्ये मुलांचं तिकीट बऱ्याच ठिकाणी वयाऐवजी उंचीवर ठरतं. स्कायट्रेनमध्ये, म्हणजे खांबांवरून धावणाऱ्या मेट्रोत, ९० सेंटिमीटरपर्यंत फुकट. राजवाडा आणि वाट फो (वाट म्हणजे बौद्ध देऊळ) इथे १२० सेंटिमीटरच्या आत फुकट. जन्मतारीख दाखवून वाद घालण्यात अर्थ नाही. काउंटरशेजारी खूण केलेली असते, मुलाला तिथे उभं करायचं. चार वर्षांचं उंच पोर एका तिकिटाला महाग पडतं आणि सात वर्षांचं बुटकं पोर फुकटात राजवाडा बघून येतं.

औषधांत रोजचीच ठेवा: पॅरासिटामॉलचं सिरप, ओआरएसची पाकिटं, उलटीचं औषध, डासांचं मलम, पुरळावरची पावडर. कोडीन असलेली खोकल्याची औषधं नेऊ नका, आणि मुलाचं नेहमीचं औषध असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. प्रवासविमा मुलांचाही घ्या. तिथली खासगी रुग्णालयं उत्तम आहेत, पण बिलं त्याच तोडीची असतात.

बाळाची गाडी न्यायची का? तीनच्या आतलं मूल असेल तर न्या, पण छत्रीसारखी एका हाताने मिटणारी, हलकी. मोठी, जड चाकांची गाडी बँकॉकच्या फुटपाथवर हरते. फरशा उखडलेल्या, मधेच विजेचा खांब, पुढे नूडल्सची गाडी, आणि गर्दीच्या वेळी मागून हॉर्न न वाजवता येणारा मोटरसायकलवाला. मूल दीडेक वर्षाचं असेल तर पोटाशी बांधायचा कॅरिअर जास्त कामाचा, फक्त त्यात दोघांनाही घाम येतो.

राहायचं कुठे

इथे थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, कारण या निर्णयावर बाकी सगळं अवलंबून असतं. नियम सोपा: स्टेशनपासून हॉटेलच्या दारापर्यंत तीनशे-चारशे मीटरपेक्षा जास्त अंतर नको. हॉटेलवाले 'स्टेशनजवळ' असं सर्रास लिहितात. नकाशा उघडून स्वतः मोजा. मुख्य रस्त्यांना फुटणाऱ्या गल्ल्यांना तिथे सोई म्हणतात आणि काही सोया दोन-दोन किलोमीटर आत जातात. रात्री झोपलेलं मूल खांद्यावर टाकून चारशे मीटर म्हणजेसुद्धा बरंच होतं.

माझी पहिली पसंती सुखुमवित रस्त्यावरच्या प्रोम फोंग स्टेशनच्या आसपास. स्टेशनला लागून मॉल, मॉलला लागून बेंचासिरी नावाची बाग, बागेत मुलांची खेळणी. या भागात जपानी कुटुंबं बरीच राहतात, त्यामुळे मुलांच्या सामानाची दुकानं आणि दवाखाने हाताशी आहेत. दुसरा पर्याय अशोक स्टेशन: तिथे स्कायट्रेन आणि भुयारी मेट्रो एकमेकींना भेटतात, जेवणाचे पर्याय भरपूर आणि भारतीय हॉटेलंही पायी अंतरावर. तिथून एक स्टेशन पुढचा नाना आणि अशोकजवळचीच सोई काऊबॉय ही रात्रीच्या बारची ठिकाणं आहेत. दिवसा काही कळतही नाही, पण अंधार पडल्यावर मुलाचे प्रश्न सुरू होतील. सीलोमजवळच्या पॅटपाँगचंही तेच. खाओ सानला रात्रभर गाणी वाजतात, तिकडे राहायचं नावच काढू नका.

नदीकाठची हॉटेलं देखणी असतात आणि स्वतःच्या होडीने सफान ताक्सिन स्टेशनच्या धक्क्यापर्यंत सोडतात. आजी-आजोबा बरोबर असतील आणि दिवसात थोडंच फिरायचं असेल तर ती निवडा.

हॉटेलपेक्षा सर्व्हिस अपार्टमेंट घेतलं तर छोटं स्वयंपाकघर मिळतं, बऱ्याचदा कपडे धुण्याचं यंत्रही. घामाने भिजलेले दिवसाला तीन जोड कपडे धुवायचे म्हणजे यंत्र लागतंच. पोहण्याचा तलाव मात्र हवाच हवा. दुपारचे दोन-तीन तास त्याच्याच भरवशावर काढायचे आहेत.

उतरल्यावर

मुंबईहून थेट विमान साधारण साडेचार तासांत पोहोचतं आणि घड्याळ दीड तास पुढे करावं लागतं. मुलांची झोप फारशी बिघडत नाही, हा बँकॉकचा मोठा गुण.

सुवर्णभूमी विमानतळावरून शहरात रेल्वे जाते. पाया थाई स्टेशनपर्यंत अर्धा तास आणि जास्तीत जास्त ४५ बाट. (एका बाटचे अडीच-तीन रुपये धरून चाला.) पण बॅगा आणि पेंगुळलेली मुलं असताना पाया थाईला उतरून पुन्हा स्कायट्रेन बदलणं हा नसता उपद्व्याप आहे. पहिल्या दिवशी टॅक्सी करा. विमानतळाच्या तळमजल्यावर यंत्रातून चिठ्ठी घ्यायची. तिच्यावर कितव्या खाचेतली गाडी ते लिहिलेलं असतं. मीटरवर ५० बाट विमानतळाचा आकार आणि उड्डाणपुलाचा टोल तुम्ही भरायचा, हे रीतसर आहे, फसवणूक नव्हे. टॅक्सीत मुलांची सीट नसते. मूल मागे, आईबापांच्या मध्ये बसवा आणि पट्टा चालतो का ते निघण्यापूर्वी बघा.

हॉटेलवर पोहोचल्यावर काउंटरवरून थाई लिपीत पत्ता असलेली कार्डं मागून घ्या. एक पाकिटात, एक प्रत्येक मुलाच्या खिशात.

दिवसाची आखणी

सकाळी आठ ते साडेदहा बाहेर. साडेदहा ते चार छपराखाली किंवा पाण्यात. चारनंतर पुन्हा बाहेर. बस, एवढंच. दिवसाला एकच मोठी गोष्ट, आणि ती सकाळच्या खात्यात. संध्याकाळ बागेसाठी, नदीसाठी, खाण्यासाठी मोकळी सोडा. चार-पाच दिवस असतील तर त्यातला एक संपूर्ण दिवस काहीही न ठरवता ठेवा. मुलं त्या दिवशी तलावातून बाहेर येणार नाहीत आणि तुम्हालाही त्याची गरज असेल.

आणखी एक बारीक गोष्ट. गाड्यांत आणि मॉलमध्ये एसी हाडं गोठवणारा असतो. घामेजलेलं मूल तिथे शिरलं की सर्दी ठरलेली. पातळ जॅकेट किंवा आईची ओढणी पिशवीत वरच ठेवा.

फिरायचं कसं

स्कायट्रेन डिसेंबर १९९९ मध्ये सुरू झाली, भुयारी मेट्रो २००४ मध्ये. स्कायट्रेनच्या खिडकीतून मुलांना शहर बघायला मिळतं, त्यामुळे गाडीत बसणं हीच त्यांची सहल होते. गर्दीच्या वेळा सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसात. या टाळता आल्या तर टाळा. नाही टाळता आल्या तरी काळजी नको, मूल दिसलं की कोणीतरी उठून जागा देतंच.

लिफ्ट बहुतेक स्टेशनांवर सापडेल, पण प्रत्येक दाराशी सापडेल असं नाही. अनेक ठिकाणी ती रस्त्याच्या एकाच बाजूला असते. गेटचे पंखे पटकन मिटतात. मूल बाळाच्या गाडीत असेल तर शेजारच्या कर्मचाऱ्याला खूण करा, तो रुंद गेट उघडून देतो. सायामपासून चित लोमपर्यंत रुळांखालून उंच पादचारी पूल गेलेला आहे. खालच्या रस्त्यावरून चालण्यापेक्षा तोच धरा.

गाडीत चढताना ताटातूट झाली तर काय, हे मुलांशी आधीच बोलून ठेवा. आमच्याकडचा नियम असा: तू गाडीत राहिलास तर पुढच्या स्टेशनला उतर आणि तिथेच उभा राहा, आम्ही मागच्या गाडीने येतो. तू प्लॅटफॉर्मवर राहिलास तर हलायचं नाही, आम्ही परत येतो. पहिल्या दिवशी हॉटेलच्या खोलीत याचं नाटक करून घ्या. पोरांना त्याचीही मजा वाटते. रोज सकाळी निघताना मुलांचा एक फोटो काढा. आज अंगात कुठला शर्ट होता, हे घाबरलेल्या आईबापाला आठवत नाही.

टुकटुक एकदा करा, संध्याकाळी, जवळच्या अंतराला, भाव आधी ठरवून. नारिंगी जाकिटातल्या मोटरसायकल-टॅक्सीवर मुलाला मध्ये बसवून जाणारे लोक दिसतील. आपण तसं करायचं नाही.

नदीवरच्या होड्यांचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. सफान ताक्सिन स्टेशनखालच्या साथोर्न धक्क्यावरून नारिंगी झेंड्याची एक्स्प्रेस होडी घ्या: स्वस्त, वारा लागतो, दोन्ही काठांवर देवळांची शिखरं. होडी धक्क्याला काही क्षणच टेकते. बाळाची गाडी आधीच मिटून ठेवा, मूल कडेवर घ्या आणि शिट्टी वाजायच्या आत पाय टाका. साएन साएप कालव्यातल्या होड्या वेगळ्या. त्या वेगात जातात, कालव्याचं काळं पाणी उडतं, चढउतार अक्षरशः उडी मारून. लहान मुलांना घेऊन त्या वाटेला जाऊ नका.

राजवाडा, वाट फो आणि मारुतीचा मुलगा

राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो आणि साडेतीनला तिकिटं बंद होतात. तिकीट ५०० बाट. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडेआठच्या आधी दारात उभे राहा. दहानंतर फरशी तापते आणि टूर-गटांचा लोंढा येतो. वाटेत कोणी सभ्य माणूस सांगेल, 'आज राजवाडा बंद आहे, चला मी दुसरी देवळं दाखवतो.' हा तिथला जुना धंदा आहे. त्या टुकटुकचा शेवट रत्नांच्या दुकानात होतो. हसून पुढे चालायला लागा.

आत शिरल्यावर सोनेरी शिखरांपेक्षा पाचूच्या बुद्धाच्या मंदिराभोवतीची ओवरी मुलांना दाखवा. तिथे भिंतीवर १७८ चित्रांत संपूर्ण रामकियन, म्हणजे थाई रामायण, रंगवलेलं आहे. चित्रं उत्तरेकडच्या दारापाशी सुरू होतात आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पुढे जातात. ओवरीत सावली आहे, आणि गोष्ट पोरांच्या पाठची आहे. पांढराशुभ्र हनुमान शोधा, सेतू बांधणारी वानरं शोधा, असं सांगितलं की अर्धा तास कुठे जातो कळत नाही. मैदानातल्या दारांवरचे उंच राक्षस बघा. त्यांतला हिरव्या अंगाचा तोत्सकान म्हणजे आपला रावण. आजी बरोबर असतील तर एक पूर्वसूचना द्या: तिथला हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना त्याची सुवन्नमच्छा या मत्स्यकन्येशी गाठ पडते, आणि त्यांना मच्छानु नावाचा मुलगा होतो. ती मत्स्यकन्या रावणाची मुलगी. आपल्याकडच्या मकरध्वजाची गोष्ट माहीत असलेली मुलं हे ऐकून जो काही वाद घालतात तो ऐकण्यासारखा असतो.

राजवाड्यानंतर त्याच दिवशी वाट फो करावं का? तीन वर्षांच्या मुलाबरोबर नको. पाच-सहा वर्षांच्या मुलाबरोबर मधे थंड काहीतरी पिऊन चालेल. दोन्हींपैकी एकच निवडायचं तर मी वाट फो निवडते. तिथे गर्दी कमी, अंगणं सावलीची, आणि ते राजवाड्यापेक्षा उशिरापर्यंत उघडं असतं. शिवाय तिथला निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. मुलं आधी चेहरा बघतात आणि मग पाय कुठे संपतात ते शोधत पळतात. तळपायांवर शिंपल्यांच्या कामात १०८ शुभचिन्हं आहेत. मूर्तीच्या मागच्या भिंतीशी काशाची १०८ भांडी ओळीने मांडलेली. दाराशी थोडे बाट देऊन वाटीभर चिल्लर घ्यायची आणि प्रत्येक भांड्यात एकेक नाणं टाकत जायचं. सगळा मंडप त्या टणटणाटाने भरलेला असतो. मूल बुटकं असेल तर उचलून घ्यावं लागतं. आईबापांचे हात भरून येतात, पोराचं मन भरत नाही. नाणी मधेच संपली तर रडारड होते, म्हणून थोडी राखून ठेवा. चपला काढाव्या लागतात, तेव्हा नाडीचे बूट घालू नका.

इथे मेट्रोने यायचं तर सनाम चाय स्टेशनला उतरा. स्टेशनच आतून एखाद्या दरबारासारखं सजवलेलं आहे. होडीने यायचं तर ता तियेन धक्का. तिथूनच नदीपलीकडे वाट अरुणला जाणारी छोटी होडी मिळते. वाट अरुणच्या पायऱ्या उभ्या आहेत, लहानांना वर नेऊ नका. खालूनच चिनीमातीच्या तुकड्यांची फुलं दाखवा.

देवळात बुद्धमूर्तीकडे पाय पसरून बसू नये, भिक्खूंना स्त्रियांनी स्पर्श करू नये, एवढं मुलींना आणि स्वतःला सांगून ठेवा. थाई मुलांच्या डोक्यावरून मायेनेही हात फिरवू नका, डोकं तिथे पवित्र मानतात. तुमच्या मुलांचे गाल मात्र कोणीतरी ओढणारच.

संध्याकाळची बाग

लुंफिनी पार्क ही बँकॉकमधली माझी सर्वांत आवडती जागा, आणि फुकट. चारनंतर जा. तळ्यात पायडलच्या होड्या, एका बाजूला मुलांची खेळणी, आणि तळ्याच्या काठावर घोरपडी. साध्यासुध्या नव्हेत, माणसाएवढ्या लांब, जिभा बाहेर काढत सुस्त चालणाऱ्या. तानाजीच्या यशवंतीची गोष्ट ऐकलेलं मूल दोरी मागेल. त्या अंगावर येत नाहीत, पण खायला घालू नका आणि चार हात लांब राहा.

संध्याकाळी सहाच्या ठोक्याला कर्ण्यांवर राष्ट्रगीत वाजतं. धावणारे, सायकलवाले, दोरीवरच्या उड्या मारणारे, सगळे आहेत तिथे थबकतात. पोरांना वाटतं अख्ख्या बागेने 'स्टॅच्यू' म्हटलंय. गीत संपतं आणि सगळे पुढे पळू लागतात. आपणही उभं राहायचं. सकाळी आठलाही हेच होतं, स्टेशनांवरसुद्धा.

जवळच बेंचाकिती पार्कमध्ये पाणथळीवरून जाणारा उंच पूल आहे. मुलांना तो भाग आवडतो, पण पुलावर सावली नाही. ऊन उतरल्याशिवाय नको.

दुपारची सोय

सायाम पॅरागॉन मॉलच्या तळघरात सी लाइफ मत्स्यालय आहे. तिकीट महाग, पण ऑनलाइन काढलं तर थोडं कमी पडतं. चतुचकजवळच्या बागेत चिल्ड्रन्स डिस्कव्हरी म्युझियम आहे: फुकट, सोमवारी बंद. पाण्यात खेळायची सोय आहे, कपड्यांचा जोड न्या. शेजारचा चतुचकचा शनिवार-रविवारचा बाजार मात्र भर दुपारी लहान मुलांसाठी नाही. तो उरकायचाच असेल तर एकाने मुलांना म्युझियममध्ये ठेवावं आणि दुसऱ्याने बाजार करावा. मॉलमधल्या इनडोअर खेळघरांत मोजे लागतात. घरून नेले तर तिथे विकत घ्यावे लागत नाहीत.

आयकॉनसायाम मॉलच्या तळमजल्यावर आतल्या आत तरंगता बाजार मांडलेला आहे, एसीमध्ये. खरा तरंगता बाजार बघायचाच असा हट्ट असेल तर दामनोन सादुआक शंभरेक किलोमीटर दूर आहे. लहान मुलांबरोबर गाडीत जाऊन-येऊन दिवस मोडतो. शनिवार-रविवार असेल तर शहरातच तालिंग चानला जा.

हत्तीची स्वारी आणि वाघाबरोबर फोटो यांच्या जाहिराती भेटतील. नको.

खाणं

मासे-चिकन खाणाऱ्या घरांना अडचण नाही. शाकाहारी घरांनी थोडं समजून घ्यावं. थाई स्वयंपाकात फिश सॉस आपल्या मिठाच्या जागी पडतो, त्यामुळे 'भाज्यांचं आहे' म्हणजे शाकाहारी आहे असं नसतं. दोन शब्द लक्षात ठेवा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं 'जे': यात मांस-मासे, अंडी, दूध काहीच नाही, कांदा-लसूणही नाही. जैन कुटुंबांना याचा मोठा आधार, फक्त बटाट्यासारखे कंद त्यात चालतात, तेवढं विचारून घ्या. दुसरा 'मांगसविरात': यात अंडं-दूध चालतं. शिवाय 'माइ फेत' म्हणजे तिखट नको, 'माइ साइ नाम प्ला' म्हणजे फिश सॉस घालू नका. उच्चार चुकतोच, म्हणून हीच वाक्यं मोबाइलवर थाई लिपीत लिहून ठेवा आणि दाखवा.

मुलांना बहुतेक वेळा चालणारं: साधा पांढरा भात, अंडं खात असतील तर भातावरचं खुसखुशीत ऑम्लेट 'खाइ जियाओ', केळं घातलेली रोटी, आणि नारळाच्या दुधातल्या चिकट भाताबरोबर आंबा. हापूसशी तुलना करायचा मोह आवरा आणि खा. 'जोक' नावाची भाताची पेज सकाळी मिळते, पण तिच्यात बहुधा डुकराचं मांस असतं. विचारल्याशिवाय घेऊ नका.

अशोक स्टेशनला लागून असलेल्या टर्मिनल २१ मॉलच्या वरच्या मजल्यावर पिअर २१ हे फूड कोर्ट आहे. आधी कार्डावर पैसे भरायचे, उरलेले परत मिळतात. भाव रस्त्यावरच्या गाड्यांइतकेच, एसी, उंच खुर्च्या, आणि शाकाहारी काउंटरही. मुलांबरोबरचं जेवण इथे सर्वांत सोपं. सेव्हन-इलेव्हनची दुकानं पावलोपावली. एकेकटं गुंडाळलेलं केळं, दूध, दही, पाण्याच्या बाटल्या. दही घेताना बघून घ्या, बरीचशी गोड असतात आणि दहीभाताचा विचका होतो. नळाचं पाणी पिऊ नका.

बॅगेत मेतकूट, भाजके पोहे, खाकरे, लाडूंचा डबा असू द्या. हॉटेलच्या किटलीतल्या गरम पाण्यात तयार होणारा उपमा मध्यरात्री उठलेल्या भुकेल्या मुलाला पुरतो. पोळीची फारच आठवण झाली तर सुखुमवितवर आणि फाहुरातमध्ये भारतीय हॉटेलं आहेत. फाहुरात म्हणजे तिथला भारतीय बाजार, गुरुद्वारा आणि कापडाची दुकानं असलेला.

चालता चालता घरांपुढे, दुकानांपुढे खांबावरची छोटी देवघरं दिसतील. त्यांच्यापुढे लाल सरबताच्या बाटल्या, झाकण उघडून स्ट्रॉ खोचलेल्या. हा तिथल्या वास्तुदेवतांचा नैवेद्य. 'देव स्ट्रॉने पितो?' हा प्रश्न येणार. आणि 'मला का नाही?' हा त्याच्या मागोमाग.

आजारपण

पर्यटक पोलीस ११५५, रुग्णवाहिका १६६९. दोन्ही मोबाइलमध्ये साठवून ठेवा. औषधांची दुकानं कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत आणि बऱ्याच ठिकाणी फार्मासिस्टला इंग्रजी समजतं. डेंग्यू तिथे आहे, आपल्यासारखाच. डासांचं मलम सकाळ-संध्याकाळ लावा. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाचं आवर्जून सांगा. उन्हात मूल सुस्तावलं, लघवी कमी झाली, तर पहिला मॉल दिसेल तिथे शिरा आणि घोटघोट ओआरएस पाजा.

परतताना

विमान रात्रीचं असेल तर हॉटेलमध्ये खोली उशिरापर्यंत मागून घ्या. अर्ध्या दिवसाचे पैसे पडले तरी द्या. खोली नसलेल्या मुलांना घेऊन आठ तास मॉलमध्ये काढणं त्याहून महाग पडतं. तलावात डुंबवून, आंघोळी घालून, रात्रीचे कपडे चढवूनच निघा. संध्याकाळी पाचनंतर विमानतळाच्या रस्त्याला गर्दी असते, दीड तास धरा.

सुवर्णभूमीवर इमिग्रेशन पार केलं की समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे: कासवावर मंदार पर्वत, वर विष्णू, दोन बाजूंना वासुकी ओढणारे देव आणि असुर. ते दाखवायला वेळ हवा असेल तर काउंटरवर लवकर पोहोचा, कारण तिथून काही गेट बरीच लांब आहेत आणि बाळाची गाडी तुम्ही कदाचित सामानात टाकलेली असेल. ती विमानाच्या दारापर्यंत जवळ ठेवायची आहे, असं चेक-इन करतानाच सांगा.